उंबराच्या पलीकडचा बांध

घाटकोपरच्या टेकडीवर जुन्या दगडी बांधाला पाठ लावून जी वस्ती उभी राहिली होती, तिला करमणुकीची साधनं दोनच. एक गुणाजीच्या घरचा टीव्ही, आणि तो बिघडला की धाकू घाडी.

"सांगा ना धाकूबाबा, गोऱ्याला कसा उल्लू बनवला ते," असं कुणी म्हणायचा अवकाश, म्हातारा विडी विझवून कानामागे अडकवायचा आणि सुरू व्हायचा. त्रेचाळीस सालचा उन्हाळा. तिकडे महायुद्ध पेटलेलं, इकडे देश पेटलेला. त्याच्या पलटणीतल्या कंपनीला जमावावर लाठ्या चालवायचा हुकूम झाला आणि धाकूसकट अकरा शिपाई बराकीतून बाहेरच पडले नाहीत. जमावात आपलीच माणसं आहेत, म्हणाले. लढाईच्या काळात असलं बोलणं म्हणजे फितुरीच. अकराही जणांचे पट्टे-बिल्ले उतरवले, अंगावर कैद्याचे कपडे चढवले आणि सक्तमजुरीला या टेकडीवर आणून सोडलं. वर लष्कराचं कोठार व्हायचं होतं, त्याच्या रस्त्याखाली हा बांध. खाली काळा दगड फोडायचा, डोक्यावरून चढणीला न्यायचा, बसवायचा. त्यातला माणिक, मिसरूड फुटलेला पोरगा, पाटी डोक्यावर असतानाच ऊन लागून कोसळला. पहारेकऱ्याने त्याची पाटी मागच्याच्या डोक्यावर चढवली आणि काम पुढे चालू ठेवलं. त्या संध्याकाळी उरलेल्या दहा जणांनी एका भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, की बांध पोकळ ठेवायचा.

"पक्क्या बांधाक आत डोंगरात घुसणारे लांब दगड लागतत," धाकू हातवारे करून सांगायचा. "ते आमी घातलेच नाय. नुसता तोंड. मागे माती आणि खेचरांच्या तबेल्यातला गवात!"

"मग चाळीस वर्षांत पडला कसा नाय?"

"पडात रे! वाट बघ!"

मग हशा पिकायचा. धाकूही हसायचा. त्याला वाटायचं, लोक गोऱ्याला हसतायत. लोक हसायचे ते त्याला. आणि असे हसत हसतच एकेक जण यायचा, तीन बाजूंनी पत्रे उभे करायचा आणि चौथी भिंत म्हणून बांध फुकटात वापरायचा.

ही गोष्ट ऐकताना एकच माणूस हसत नसे, अंबादास. त्या अकरांतले आता दोघेच उरले होते. लष्करातून हाकलल्यावर अंबादासने महापालिकेच्या गटारात उतरून पोट भरलं आणि म्हातारपणी येऊन वस्तीच्या खालच्या अंगाला खोली घेतली. धाकू गोष्टीला रंग भरायला लागला की तो काठीने मातीत रेघा ओढत बसायचा. लोक म्हणत, भिडस्त माणूस आहे.

धाकू मात्र ही टेकडी सोडून कुठे गेलाच नव्हता. त्याचा गाव शिपायांचा. घरटी एक माणूस पलटणीत, आणि म्हातारे कोट घालून देवळात बसले की छातीवर बिल्ले. शिक्षा संपल्यावर वडिलांचा निरोप आला होता, बिल्ला असेल तर ये. बिल्ला नव्हता. मग शिक्षेने जो धंदा शिकवला तोच पोटाला लागला. टेकडीच्या पलीकडल्या खाणीत तो पाटे-वरवंटे घडवू लागला. लग्न झालं, सीताराम झाला, बायको गेली, आणि अर्ध्या घाटकोपराने चटणी वाटली ती धाकूच्या पाट्यावर.

यंदा खाणीत सीतारामही बापाच्या बाजूला बसत होता. गिरणीच्या संपात नोकरी गेली त्याला दुसरा उन्हाळा लागला होता. सुताच्या धाग्याला सरावलेली बोटं त्याची. सुतकीचा, म्हणजे पाथरवटाच्या हातोडीचा, घाव चार वेळा दगडावर पडायचा आणि पाचव्यांदा अंगठ्यावर. अंगठ्याचं नख काळं होऊन गळालं, नवं आलं, तेही काळं झालं. वर वैशाखाचं ऊन. दगड इतका तापायचा की बसायला खाली गोणपाट ओलं करून घालावं लागे, आणि ते बसेबसेपर्यंत वाळून जाई. बापलेक दिवस दिवस बोलत नसत. टाकीचे ठोके तेवढे चालू.

एका दुपारी खाणीतून परत येताना धाकूची नजर बांधावर गेली आणि तो थबकला. चाळीस वर्षं रोज पाहिलेला बांध, पण आज काहीतरी वेगळं होतं. उंबराच्या झाडापलीकडे, अगदी टोकाला, बांधाला पोट आलं होतं. त्याने डोळा बारीक करून पुन्हा पाहिलं. दगड पुढे सरकले होते आणि सांध्यांतून मागच्या पावसाळ्यातल्या चिखलाचे ओघळ वाळून चिकटले होते. माती आतून निघून चालली होती.

पण उंबरापलीकडच्या झोपडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो तडक अलीकडे आला, सीतारामच्या खोलीकडे. खोली बांधाच्या ऐन मधोमध. मालन, त्याची सून, सातव्या महिन्यातली, बांधाच्या दगडाला पाठ टेकून तांदूळ निवडत होती. दगड गार लागतो म्हणून ती रोज तिथेच बसायची.

"मालन, उठ थंयसून," धाकू म्हणाला.

"काय झालं, बाबा? विंचू आहे का?"

"इंचू नाय. तू आणि सीताराम उद्याच्या उद्या माज्या खोपीत येवा. नळाकडे. पावसाळो सरासर थंयच रवा."

मालनने सुपातून मान वर केली. सासऱ्याचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. पण सीताराम मागून आलाच होता, घामाने निथळत.

"परत तो बांध?" तो म्हणाला. "बाबा, तुमची ती स्टोरी आता बस झाली ना यार. लोक मला धाकूचा पोकळ बांध म्हणून हाक मारतात. नोकरी गेली, आता घर पण सोडू? तुमच्या गोऱ्यासाठी?"

"अरे, पोट इला हा बांधाक. उंबराकडे जावन बघ तरी."

"पोट इथे पण आलंय," सीताराम मालनकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ते भरायचंय मला. चला, जेवून घ्या."

धाकू जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो गुणाजीच्या दारात गेला. गुणाजी वस्तीचा पुढारी. नळ त्याने आणलेला, दिवे त्याने आणलेले, त्यामुळे पाणी आणि उजेड दोन्ही आपल्याच बापाचं असा त्याचा रुबाब. चार माणसं बसली होती. धाकूने सांगितलं की पावसाच्या आत बांधालगतच्या खोल्या रिकाम्या करा, बांध वरून उतरवून घेऊ.

गुणाजीने चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला. मग म्हणाला, "किती कबूल केलं त्याने?"

"कोणी?"

"बिल्डरने. वरची जागा मोजायला माणसं येऊन गेली ना परवा? आणि आज तू सांगतोस खोल्या खाली करा. आम्ही काय दूधपिते बच्चे हाय काय? एकदा पत्रा काढला की परत लावू देतील आम्हाला?"

"गुणाजी, माज्या गळ्याशपथ..."

"तुझ्या गळ्यातून चाळीस वर्षं गोष्टीच ऐकतोय आम्ही."

बसलेली माणसं हसली. त्यांतल्या एकाची खोली धाकूने स्वतः दगड वाहून उभी करून दिली होती. धाकूने अंबादासकडे पाहिलं. तो दाराबाहेर काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"अंबादास, तू सांग यांका. तू होतास थंय."

अंबादासचे ओठ हलले. "लई दिस झालं," एवढंच तो म्हणाला आणि खाली पाहू लागला.

त्या दिवसापासून धाकूला वस्तीत तोंड दाखवणं मुश्कील झालं. नळावर बाया त्याची बादली मागे सरकवायच्या. पोरं 'बिल्डर आला, बिल्डर आला' ओरडायची. खाणीतून येताना त्याच्या दारात कुणीतरी शेण टाकून ठेवलेलं असे. ते तो मुकाट्याने पत्र्याने खरवडायचा. ज्या एका गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर ताठ मानेने जगला, तीच आता त्याच्या मानेवर बसली होती. ज्याने जन्मभर मौजेसाठी लांडगा आला ओरडावं त्याच्यावर खरा लांडगा यावा आणि खेड्याने कूस बदलून झोपावं, तशी गत.

शेवटी वाट काढली ती मालननेच. सासऱ्याची झोप उडालेली ती पाहत होती.

"एक दगड काढून बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याच खोलीतला. पोकळ असेल तर दिसेल, नसेल तर बाबांचा जीव शांत होईल. नुसत्या तोंडाच्या वाफा कशाला?"

सीतारामने डोक्याला हात लावला. पण रविवारी सकाळी वस्तीला बोलावलं. गुणाजी पुढे, मागे पन्नासेक माणसं, खोलीच्या दारात आणि पत्र्याच्या फटींतून डोळे. मालनने बांधालगतची मांडणी हलवली, डबे बाहेर नेले. धाकूने धोतराचा काचा मारला.

"सगळ्यांदेखत सांगतंय," तो म्हणाला. "पोकळ नाय मिळालो, तर धाकू घाडी परत ह्या बांधाचा नाव तोंडातून काढूचो नाय. जल्मात नाय."

"ऐकलं सगळ्यांनी," गुणाजी म्हणाला.

अंबादास एकदम पुढे आला. "ऱ्हाऊ दे धाकू," तो हळूच म्हणाला. "नगं काढू."

"बाजूक हो."

धाकूने सांध्यात छिन्नी घातली, घणाचे ठोके दिले. चुना भुरभुर खाली आला. मग पहार घालून त्याने जोर लावला. हाडं पेलत नव्हती, सीताराम धावला, दोघांनी मिळून रेटलं. तोंडाचा दगड हलला, कण्हल्यासारखा आवाज करत पुढे आला आणि धप्पकन जमिनीवर पडला. खोलीत धूळच धूळ.

धाकूने भोकात हात घातला. त्याला हाताला माती लागायला हवी होती, भुसभुशीत माती आणि कुजकं गवत. लागला तो दगड. त्याने पहार घातली. ठण्. बाजूला घातली. ठण्. त्याने कंदील मागून घेतला आणि डोकं आत घातलं. आत एक लांब दगड डोंगरात शिरला होता. त्याच्या वर दुसरा, त्याच्याही बाजूला तिसरा. प्रत्येकाखाली कपच्या घट्ट ठोकलेल्या, पुढे दोन, मागे एक. असं बसवणारा हात अकरा जणांत एकाचाच होता.

म्हातारा बराच वेळ डोकं आतच ठेवून उभा राहिला.

"काय बाबा, गोरा आहे काय आत?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळी खोली खदखदली. गुणाजीने पहार उचलून बांधावर दोनदा आपटली. "लोखंड आहे लोखंड," तो म्हणाला. "इंग्रजाचं काम. चला रे, तमाशा संपला." हसत, एकमेकांना टाळ्या देत माणसं पांगली. सीताराम मात्र हसला नाही. त्याने बापाच्या पाठीवरची धूळ झटकली. धाकूला त्या हाताचा भारी राग आला.

दोघांनी मिळून दगड परत जागेवर बसवला, कपच्या धाकूने स्वतः ठोकल्या. सून वाचली, होणारं नातवंड वाचलं. सुटकेचा निश्वास टाकायला हवा होता. पण छातीतून निघाला तो हुंदका. मालन बाहेर नेलेले डबे पुन्हा आत आणू लागली.

अंबादास त्याला उंबराखाली भेटला. वाटच पाहत होता.

"तू घातलंस ते दगड," धाकू म्हणाला. तो ओरडणार होता, पण आवाज निघाला नाही. "भाकरीवर हात ठेवललंस तू. माणकाची शपथ होती."

"व्हय."

"गोऱ्याचा काम पक्का करून दिलंस. आणि माज्या तोंडाकडे बघीत रवलंस इतकी वर्सां? माजो जल्म गेलो रे त्या पोकळीवर! बापाशीन दार लावल्यान, तरी माका वाटायचा, एक काम तरी मी केलंय."

अंबादास खाली बसला. काठी आडवी ठेवली.

"तवा पानी कसं मिळायचं तुला आठवतंय?" तो म्हणाला. "पखालवाला तुमास्नी भांड्यात द्यायचा. माझ्या वंजळीत वरनं वतायचा. सगळ्यांचं झाल्यावर. निम्मं मातीत. कधी विसरायचा बी."

धाकूला आठवत होतं. सगळ्यांना एकच शिक्षा होती, एकच कपडे होते, तरी पाण्याच्या रांगा दोन होत्या. आणि तो पहिल्या रांगेत उभा राहून पोटभर प्यायचा.

"खालच्या वाटंनं कातकरणी झऱ्यावर जायच्या," अंबादास म्हणाला. "त्यातल्या एकीनं एकदा डोईवरचं मडकं उतरवलं आन माझ्या तोंडाला लावलं. इचारलं न्हाई कोन, कुठला. मग रोजच लावायची. पाठीला तिचं पोर. ह्या बांधाच्या बुडातनंच वाट हुती ती, धाकू. गोरा काय बांधाखाली झोपनार हुता? बांध पडला असता तो तिच्यावर. माझ्या हातानं न्हाई झालं. दगड बसवायला मीच हुतो, तुमी वाहत हुता. लांब दगड मी फोडून तोंडाला लावतो असं तुमास्नी वाटायचं, कुनाला कळलं न्हाई."

"माका सांगूचा होतास."

"काय सांगू? शपथ मोडली म्हनून? तू ती गोष्ट सांगायचास, लोकं हसायची, आन मला वाटायचं हसू दे. खोटी हाय तवर हसतील."

उंबराची पिकली फळं मधूनच टपकत होती. धाकूने डोळे पुसले आणि मग त्याच्या मनात एकदम काहीतरी लख्ख झालं.

"अंबादास. तुका ताप भरललो. मधीच तुका हलवल्यानी थंयसून."

"व्हय."

"खंयपर्यंत तुजो बांध?"

अंबादासने डोक्यावरच्या झाडाकडे पाहिलं. बांध चढत होता तेव्हा तिथे उंबराचं कमरेएवढं रोप होतं.

"हितवर," तो म्हणाला. "पुढं माझ्या जागी तू बसवलास. पुढचा तुझा."

दोघांनीही मान वळवली. उंबराच्या पलीकडे, पोट आलेल्या दगडांच्या अगदी खाली, शकूची झोपडी होती. नवऱ्याने टाकलेली बाई. बिल्डिंगींत धुणीभांडी करायची, दोन लहान पोरी होत्या. वस्तीत जागा उरली नव्हती म्हणून टोकाला गेलेली. धाकटी पोरगी बांधाच्या सांध्यातून निघालेली माती बोटाने उकरून त्याची चूल करत होती. एवढे दिवस सूनबाईच्या नावाने गाव डोक्यावर घेतलं, आणि ही पोर आपल्याला दिसली कशी नाही, असं धाकूला झालं. त्याला स्वतःची शरम वाटली. पन्नास माणसांच्या हसण्याने वाटली नव्हती एवढी.

पण आता बोलायचं कुठल्या तोंडाने? नाव काढणार नाही म्हणून शब्द देऊन बसला होता, आणि नसता दिला तरी आता त्याचं ऐकणार कोण होतं?

संध्याकाळी शकू कामावरून आली तेव्हा धाकू तिच्या दारात बसला होता.

"शकू, माजी खोपी तू घे," तो म्हणाला. "तुजी माका दी."

शकू दचकली. "का वं बाबा?"

"नळावरचो कालवो सोसणा नाय माका. दिवसभर बायलांची भांडणां. म्हाताऱ्या माणसाक शांती व्हयी. हय बरा असा, टोकाक."

"तुमची खोली चांगली हाय. पक्का कोबा. माझी ही गळती."

"तर मग? नको म्हणतस?"

शकू कशाला नको म्हणेल? नळ दारात आणि डोक्यावर न गळणारं छप्पर. पोकळ बांधावर वस्तीत कुणाचाच विश्वास नव्हता, पण नळाजवळच्या खोलीवर सगळ्यांचा होता. दुसऱ्या सकाळी तिची भांडी, गोधड्या, पोरी खाली आल्या आणि धाकूची वळकटी वर गेली. गुणाजीने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं जाहीर केलं. सीताराम आडवा आला, "मान खाली घालायला लावता तुम्ही मला, बाबा," म्हणाला. धाकूने त्याला ढकलून वाट काढली.

खोपट त्याने आत पाऊल टाकायच्या आधीच मोडलं. पत्रे काढले, वासे काढले, सगळं उंबराखाली नेऊन टाकलं. स्वतःची झोपडी मोडायला कुणाची हरकत असणार? मग तो पहार घेऊन वरच्या अंगाने बांधाच्या माथ्यावर चढला. बांध उतरवायचा तर वरूनच, एकेक दगड. चढवला तसाच.

मागे खडखड झाली. अंबादास चढत येत होता, काठीऐवजी हातात टिकाव, डोक्याला टॉवेल.

"तुजो बांध त्या बाजूक," धाकू म्हणाला.

"सरक," अंबादास म्हणाला.

दोघांनी मिळून माथ्याचा दगड रेटला. तो अलगद सुटला, हलता दात पडावा तसा. मागे काळोखी पोकळी. धाकूने हात घातला तो कोपरापर्यंत गेला. माती, भुसभुशीत, ओलसर. आणि काळं पडलेलं, कुजून लगदा झालेलं गवत. त्याने मूठभर बाहेर काढलं. चाळीस वर्षांनीही त्याला तबेल्याचा वास होता.

अंबादासने ते पाहिलं.

"हाक मार की," तो म्हणाला. "गुनाजीला मार, पोराला मार. दाव त्यास्नी. खरा हाय तुझा बांध."

धाकूने खाली पाहिलं. नळावर शकू पोरीचं डोकं धूत होती, पोरगी साबण डोळ्यांत गेला म्हणून केकाटत होती. पलीकडे मालन दारात बसली होती, पाठीला अंबादासचे दगड. पश्चिमेला आभाळ काळवंडून आलं होतं आणि उतरवायचा बांध अजून सगळाच्या सगळा उभा होता.

त्याने मूठ उघडली, गवत खाली टाकलं आणि हात धोतराला पुसले.

"रवांदे," तो म्हणाला. "तू तो दगड धर."